तंबाखू सोडायची, मग निकोटिन कशाला? आणि त्यात नर्सचं काम काय?

जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२४ मध्ये प्रौढांची तंबाखू सोडवण्यासाठीच्या उपचारांची पहिली मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्या वेळी दिलेले आकडे विचारात पाडणारे आहेत. जगात सुमारे १२५ कोटी लोक तंबाखू वापरतात. त्यातल्या ७५ कोटींहून अधिक लोकांना ती सोडायची आहे, पण ७० टक्के लोकांपर्यंत उपयोगी पडेल अशी मदत पोचतच नाही.

या तत्त्वांमध्ये ज्या औषधांची शिफारस केली आहे त्यांत एक नाव निकोटिनचं आहे. ते पाहून बरेच जण चक्रावतात. ज्या निकोटिननं माणसाला अडकवलं तेच औषध म्हणून कसं द्यायचं? आणि एकदा औषध दिलं की पुढे नर्सनं वेगळं काय करायचं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच फारसं कुणी समजावून सांगत नाही.

अडकवणारा वेगळा, मारणारा वेगळा

सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात. त्यातली सुमारे ७० कर्करोगाला कारण ठरतात. फुप्फुसात चिकटून बसणारं टार आणि रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावणारा कार्बन मोनॉक्साइड हेही याच धुरातून येतात. फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार आणि दम्यासारखे जुनाट विकार यांचा मुख्य दोष या धुराकडे जातो. निकोटिनचं काम वेगळं आहे: ते माणसाला पुन्हा पुन्हा त्या धुराकडे ओढून आणतं. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ साली हे फार नेमकं मांडलं होतं: माणसं ओढतात निकोटिनसाठी आणि मरतात टारमुळे.

ही ओढ कशी तयार होते ते पाहू. झुरका घेतल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तिथल्या ठरावीक ग्राहकांना, म्हणजे पेशींवरच्या कुलपासारख्या जागांना, ते चिकटतं आणि डोपामिन नावाचं रसायन सुटतं. बरं वाटतं, लक्ष लागतं, चिडचिड थांबते. हे रोज अनेकदा होऊ लागलं की मेंदू त्या जागांची संख्याच वाढवतो. आता निकोटिन आलं नाही की त्या वाढीव जागा रिकाम्या पडतात, आणि माणूस बेचैन होतो.

रक्तातलं निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येतं. रात्रभरात ते बरंच खाली गेलेलं असतं, म्हणून सकाळची पहिली सिगारेट सगळ्यात हवीशी वाटते. तंबाखू सोडवणारी नर्स पहिल्याच भेटीत विचारते, ‘उठल्यावर किती वेळात पहिली ओढता?’ अर्ध्या तासाच्या आत असं उत्तर आलं की तिला कळतं, या माणसाचं शरीर निकोटिनवर चांगलंच अवलंबून आहे आणि औषधाची मात्रा त्या हिशेबानं ठेवायला हवी. दिवसाच्या सिगारेटी मोजण्यापेक्षा हा एक प्रश्न पुष्कळदा जास्त सांगून जातो.

मग निकोटिन देऊन साधतं काय?

धूर बंद करायचा आणि निकोटिन मात्र काही आठवडे स्वच्छ स्वरूपात, ठरावीक मात्रेत देऊन हळूहळू कमी करत न्यायचं, ही सगळी कल्पना. तिला निकोटिन बदली उपचार म्हणतात. त्वचेवर लावायचा पॅच, चघळायचा गम, तोंडात विरघळणारी गोळी, तोंडात किंवा नाकात मारायचा स्प्रे आणि इनहेलर अशा रूपांत तो मिळतो.

या उपचाराचा उगम पाणबुडीत सापडतो. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये असं लक्षात आलं, की पाणबुडीवर धूम्रपानाला बंदी असलेले खलाशी चघळायच्या तंबाखूवर वेळ निभावून नेतात. म्हणजे धुराशिवायही तलफ भागू शकते. या निरीक्षणावरून ओव्हे फेर्नो या स्वीडिश संशोधकानं निकोटिनचा गम तयार केला. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडनं त्याला परवानगी दिली, १९८४ मध्ये अमेरिकेनं. पॅच त्यानंतर आला. २००९ पासून गम आणि पॅच जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

सिगारेटचं निकोटिन झटक्यात चढतं आणि झटक्यात उतरतं. त्या चढउतारातच व्यसन पोसलं जातं. पॅचमधून ते तासन् तास संथपणे झिरपतं, गममधूनही मिनिटामिनिटानं येतं. त्यामुळे बेचैनी कमी होते, पण झुरक्यासारखी झिंग येत नाही. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात तसं हे आहे. प्लास्टर हाड जोडत नाही, हाड जुळेपर्यंत हाताला धरून ठेवतं. इथे जुळायचं असतं ते मेंदूचं, आणि त्याला वेळ लागतो: धूम्रपान थांबल्यावर वाढलेल्या ग्राहकांची संख्या पूर्ववत व्हायला साधारण ६ ते १२ आठवडे जातात. उपचार ८ ते १२ आठवडे का चालवतात, याचं उत्तर यात आहे. दुखणं थांबलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात प्लास्टर कापून टाकणाऱ्याचं जे होतं, तेच गम लवकर बंद करणाऱ्याचं होतं.

‘मी गम खाऊन पाहिला, काही फरक पडला नाही’

हे वाक्य तंबाखू सोडवणाऱ्या प्रत्येक नर्सनं ऐकलेलं असतं. आणि शहाणी नर्स त्यावर वाद घालत नाही. ती म्हणते, ‘बरं, कसा खाल्लात ते करून दाखवा.’

समोरचा माणूस गम तोंडात टाकतो आणि साध्या च्युइंग गमसारखा भराभर चावायला लागतो. बिघडतं ते इथेच. निकोटिन शोषलं जातं ते गालाच्या आतल्या त्वचेतून. भराभर चावलं की ते लाळेत उतरतं, लाळ गिळली जाते, पोटातून यकृताकडे जाऊन त्याचा मोठा भाग मेंदूपर्यंत पोचण्याआधीच निकामी होतो. हाती लागते ती उचकी, घशाची जळजळ आणि मळमळ. तलफ जागच्या जागी.

मग नर्स दाखवते. दोन-चारदा हळू चावायचं. तिखटसर चव आली, जिभेला मुंग्या आल्यासारखं वाटलं की थांबायचं. गम गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचा. चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचं, आणि या वेळी दुसऱ्या गालात ठेवायचा. एक गम असा सुमारे अर्धा तास चालतो. कॉफी, फळांचा रस किंवा शीतपेय गम घेण्याआधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना घ्यायचं नाही, कारण तोंडात आंबटपणा आला की निकोटिन शोषलं जात नाही. कॉफीच्या घोटाबरोबर गम चघळणाऱ्याला ‘औषध लागू पडलं नाही’ असं का वाटतं, हे एवढ्यावरून समजेल.

मात्रेचाही असाच घोळ होतो. गम २ आणि ४ मिलीग्रॅमचा मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासात ओढणाऱ्यानं ४ चा घ्यायचा, पण ‘जपून घेऊ’ म्हणून लोक २ चा घेतात, तोही दिवसातून दोन-तीनदा. सुरुवातीचे आठवडे दर एक-दोन तासांनी गम घ्यावा लागतो. दिवसाला २० सिगारेटी ओढणारं शरीर दोन गमांवर शांत होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते २ मिलीग्रॅम निकोटिन जातं. गममधलं सगळं निकोटिन शरीरात जातच नाही. हा हिशेब नर्सनं कागदावर मांडून दाखवला, की ‘जास्त तर होणार नाही ना’ ही भीती बहुतेकांच्या मनातून जाते.

दिवसाला दहाहून अधिक सिगारेटी असतील तर पॅचची सुरुवात सहसा २१ मिलीग्रॅमनं होते. मग १४, मग ७. रोज जागा बदलून, कोरड्या आणि केस नसलेल्या त्वचेवर, दंडावर किंवा छातीवर लावायचा. झोपेत फार स्पष्ट, चमत्कारिक स्वप्नं पडू लागली तर रात्री काढून ठेवायचा. वापरलेल्या पॅचमध्येही निकोटिन उरलेलं असतं, म्हणून तो चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा.

पॅच आणि गम एकत्र घेता येतात, किंबहुना घ्यावेत, हे तर फार कमी लोकांना माहीत असतं. पॅच दिवसभराची बेचैनी सांभाळतो आणि अचानक उसळणाऱ्या तलफेला गम किंवा गोळी धावून येते. अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत अशी जोडी एकट्या औषधापेक्षा साधारण पाव पट जास्त यश देते असं दिसलं आहे.

नर्सनं फरक किती पडतो?

वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१८ मध्ये १३० हून अधिक चाचण्या तपासल्या. निकोटिन बदली उपचारानं तंबाखू सुटण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते, असा निष्कर्ष निघाला. हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. १०० पैकी १० जणांची सुटली असती तिथे १५-१६ जणांची सुटते, असा त्याचा अर्थ. सगळ्यांची सुटते असा नाही. नर्सनं दिलेल्या मदतीचा वेगळा आढावा २०१७ मध्ये आला. त्यात ४४ अभ्यास आणि २०,००० हून अधिक माणसं होती. नर्सच्या मदतीनं यशाची शक्यता सुमारे २९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांची तुलना जुजबी सल्ला मिळालेल्यांशी केली, तेव्हा यश ७० ते १०० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं.

नर्सच का? एक कारण उघड आहे: आरोग्यसेवेत सर्वांत मोठी संख्या नर्सचीच आहे, आणि रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ त्याच असतात. डॉक्टर ‘सोडा आता’ म्हणतात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात. ड्रेसिंग करताना, साखर तपासताना, सलाइन लावताना पाच-दहा मिनिटं बोलायला मिळतात ती नर्सला. आणि जे डॉक्टरांसमोर जिभेवर येत नाही ते सिस्टरना सांगितलं जातं. ‘काल दोन ओढल्या’ हे सांगण्यासाठी समोरचा माणूस ओरडणार नाही याची खात्री लागते.

दुसरं कारण वेळापत्रकाचं आहे. सोडल्यावर काही तासांतच त्रास सुरू होतो: चिडचिड, लक्ष न लागणं, झोप उडणं, सारखी भूक. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. जे गळतात त्यातले बरेच पहिल्या आठवड्यातच गळतात. त्यामुळे महिन्याभरानं ठेवलेल्या भेटीचा उपयोग नसतो. चांगल्या सेवांमध्ये नर्स आधी सोडण्याचा दिवस ठरवते, त्या दिवसाच्या आसपास फोन करते, मग निदान चार आठवडे दर आठवड्याला भेटते.

या भेटींत ती करते काय? एका छोट्या यंत्रात फुंकर मारायला लावते. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड त्यावर आकड्यात दिसतो. रोज ओढणाऱ्याचा आकडा सहज १५-२० च्या घरात असतो. सोडल्यावर एक-दोन दिवसांत तो न ओढणाऱ्या माणसाइतका खाली येतो. फुप्फुसं सुधारायला महिने लागतात, वजन लगेच वाढतं, मन उदास असतं. अशा वेळी चांगलं काहीतरी घडलंय हे दाखवणारी पहिली गोष्ट म्हणजे तो घसरलेला आकडा. मला या उपचारातलं हे सर्वांत माणुसकीचं यंत्र वाटतं.

मग ती तलफेच्या जागा विचारते. जेवणानंतर? फोनवर बोलताना? भांडणानंतर? तलफेची एक लाट बहुधा काही मिनिटांत उतरते, पण ती मिनिटं काढायची कशी हे प्रत्येकाचं वेगळं असतं. त्या वेळा आधी माहीत असतील तर गम दहा-पंधरा मिनिटं आधीच तोंडात टाकता येतो.

जे दुकानातून पॅच घेणाऱ्याला कुणी सांगत नाही

यावर थोडं जास्त लिहितो, कारण ही गोष्ट कानावर पडत नाही आणि महत्त्वाची आहे.

तंबाखूच्या धुरातले काही घटक यकृतातलं एक एन्झाइम जास्त जोमानं चालवतात. हे एन्झाइम काही औषधं मोडून शरीराबाहेर काढायचं काम करतं. म्हणून धूम्रपान करणाऱ्याला क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी मनोविकारांवरची औषधं आणि दम्यावरचं थिओफिलिन यांची मात्रा जास्त लागू शकते. धूर थांबला की काही दिवसांत ते एन्झाइम मंदावतं, आणि कालपर्यंत बरोबर असलेली गोळी आज जास्त होते. हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही. त्यामुळे पॅच लावल्यानं हा बदल टळत नाही. म्हणून जाणती नर्स सोडण्याचा दिवस ठरवण्याआधी औषधांची यादी मागते आणि गरज असेल तर डॉक्टरांशी बोलते. मधुमेहाच्या रुग्णाला साखर जरा जास्त वेळा तपासायला सांगते.

कॉफीतलं कॅफिन मोडायचं कामही हेच एन्झाइम करतं, म्हणून ते मंदावलं की कॅफिन शरीरात साचतं. नेहमीइतकीच कॉफी पिऊन सोडणाऱ्याला धडधड होते, हात थरथरतात, झोप येत नाही. तो म्हणतो, पॅच सोसत नाही, आणि पॅच काढून टाकतो. नर्स सांगते, ‘पॅच राहू द्या, कॉफी निम्मी करा.’

एका व्यसनातून दुसऱ्यात तर जात नाही ना?

काही जण गम ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ घेतात, हे खरं आहे. पण पॅचची चटक लागणं फार दुर्मीळ, कारण त्यातून झटका मिळतच नाही. आणि समजा एखाद्यानं गम सहा महिने घेतला, तर त्याची तुलना सहा महिने गम न घेणाऱ्याशी करून चालणार नाही. ती करायची सहा महिने सिगारेट ओढणाऱ्याशी. त्या तुलनेत गमचं पारडं इतकं जड आहे की नर्स मुदतीसाठी घाई करत नाही.

हृदयविकार असेल तर? गरोदरपणात?

निकोटिन नाडी थोडी वाढवतं, म्हणून हृदयरुग्ण घाबरतात. पण सिगारेटमधून निकोटिन तर मिळतंच, वर कार्बन मोनॉक्साइड आणि रक्त गोठवणारे घटकही मिळतात. स्थिर हृदयविकार असलेल्यांवरच्या अभ्यासांत या उपचारानं हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले नाहीत. झटका नुकताच येऊन गेला असेल किंवा ठोके फार अनियमित असतील, तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करायचं. गरोदर स्त्रीला आधी समुपदेशन देतात, आणि तेवढ्यानं सुटत नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली निकोटिनचा विचार करतात.

वजनाची भीतीही खरी आहे. सोडल्यावर वर्षभरात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे काटा वर गेल्यावर माणूस खचून पुन्हा सिगारेटकडे वळत नाही.

मनात आणलं तर अशी सुटत नाही?

सुटते. जगात तंबाखू सोडलेल्यांपैकी बरेच कुठल्याही मदतीशिवाय सुटलेले आहेत. पण एका प्रयत्नापुरतं बोलायचं तर मदतीशिवाय प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी तीन ते पाच जण सहा महिने ते वर्षभर टिकतात. उरलेल्यांचा निर्धार खोटा नसतो. त्यांच्या मेंदूत वाढलेल्या त्या जागा निर्धारानं बुजत नाहीत. ‘मनच कच्चं आहे’ हे ऐकून ऐकून लोक मदत मागायचीच लाज धरतात, आणि तंबाखूच्या बाबतीत या शेऱ्यानं फार नुकसान केलं आहे.

उशीर झाला असं मानायचंही कारण नाही. ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासाचे निकाल २००४ मध्ये आले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे तीन वर्षं, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ आणि तिशीत सोडणाऱ्यांना दहा वर्षं आयुष्य परत मिळालं होतं.

चघळायच्या तंबाखूचं काय?

वरचे बहुतेक पुरावे धूम्रपानाबद्दलचे आहेत. धूर नसलेल्या तंबाखूसाठी निकोटिन बदली उपचाराचा पुरावा तेवढा भक्कम नाही. तिथे समुपदेशन आणि व्हॅरेनिक्लिनसारखी दुसरी औषधं जास्त भरवशाची ठरली आहेत. श्वासाचं यंत्रही इथे उपयोगाचं नाही, कारण धूरच नसतो. मात्र तलफेच्या वेळा शोधणं, पहिल्या आठवड्यात फोन करणं, तोंडात काहीतरी ठेवायची सवय मोडेपर्यंत साथ देणं, हे नर्सचं काम तेच राहतं. तोंडात पांढरे-लाल चट्टे किंवा भरून न येणारा व्रण आहे का हेही ती पाहते आणि दिसल्यास लगेच डॉक्टरांकडे धाडते.

मध्येच एखादी ओढली तर?

सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत एक जरी सिगारेट ओढली, तरी पुन्हा पूर्णपणे सुरू होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून ‘एक झुरकाही नाही’ हा नियम कडक असतो. पण नियम मोडलाच, तर लोक सगळ्यात आधी पॅच काढून टाकतात. ‘सिगारेट आणि पॅच एकत्र म्हणजे हृदय बंद पडेल’ असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. पॅच असताना एखादी सिगारेट ओढली तर फार तर मळमळेल, चक्कर येईल. पॅच ठेवायचा, सिगारेट तिथेच विझवायची, उरलेलं पाकीट टाकून द्यायचं आणि त्याच दिवशी नर्सला फोन करायचा. ती विचारेल कुठे होतात, कोण बरोबर होतं, त्या वेळी गम खिशात होता का. बहुतेकदा नसतो. मग मात्रा वाढवायची का, पॅचच्या जोडीला गोळी द्यायची का, की औषधच बदलायचं, हे ती डॉक्टरांशी बोलून ठरवते आणि पुढच्या भेटीची तारीख चार दिवस अलीकडे आणते.